आम्हाला गृहीत धरणाऱ्या सर्व प्रदेशाध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
प्रदेशाध्यक्ष: काँग्रेस, भाजप, दोन्ही राष्ट्रवादी, वंचित बहुजन आघाडी; आणि दोन्ही शिवसेनांमध्ये जे कोणी हे काम बघत असतील ते.

स.न.वि.वि.

सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहितोय. वेगवेगळी लिहिली असती तरी मजकूर फारसा बदलला नसता, आणि तुमच्यातले काहीजण पत्र पोचेपर्यंत एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेले असते.

मी वर्धा लोकसभा मतदारसंघातला मतदार. आर्वी तालुक्यात थोडी शेती आहे, कापूस आणि सोयाबीन घेतो. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा टीव्हीवरचे विश्लेषक म्हणाले, विदर्भ काँग्रेसकडे परतला. दहापैकी सात जागा महाविकास आघाडीला गेल्या होत्या, त्यामुळे ते अगदीच चूक नव्हतं. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. त्याच खुर्च्यांवर बसून तेच लोक म्हणाले, विदर्भ भाजपचाच बालेकिल्ला. बासष्टपैकी ३८ जागा एकट्या भाजपच्या. मधे सहा महिनेही गेले नव्हते. गावं तीच, शाळेच्या त्याच खोल्या, बोटाला शाई लावणारी माणसंही बहुतेक तीच. या दोन निकालांवरून तुम्ही दोन्ही बाजूंनी आमच्याबद्दल जे ठरवून टाकलंत, त्याविषयी हे पत्र आहे.

आधी आमच्या मतदारसंघाचंच बघा. अमर काळे इथून ८० हजारांहून जास्त मतांनी खासदार झाले. लोकसभेच्या सहा विधानसभा जागा म्हणजे आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे व मोर्शी. नोव्हेंबरात या सहाच्या सहा जागा भाजपने जिंकल्या. सलग पाच वेळा आमदार झालेले काँग्रेसचे रणजित कांबळे देवळीत पडले. खासदार काळेंच्या पत्नी आर्वीतून उभ्या होत्या, त्याही पडल्या. म्हणजे ज्या घराला उन्हाळ्यात दिल्लीला पाठवलं, त्याच घराला दिवाळीनंतर मुंबईला पाठवायला लोक तयार नव्हते. याला कुणी लहर म्हणेल, कुणी मतदार फितूर झाला म्हणेल. माझ्या मते दोन्ही आळशी उत्तरं आहेत.

फितुरीचा विषय निघालाच आहे तर तो एकदा नीट होऊन जाऊ द्या. २०२४ च्या लोकसभेला आमच्यासमोर कोण होतं? भाजपकडून रामदास तडस. विदर्भातले नावाजलेले पैलवान, एकेकाळी शरद पवारांच्या पक्षात होते. समोर अमर काळे. वडिलांपासून काँग्रेसचं घर, स्वतः आर्वीचे काँग्रेसचे आमदार राहिलेले. पण जागावाटपात वर्धा पवारांच्या पक्षाला सुटली म्हणून ऐनवेळी त्या पक्षात जाऊन तुतारीवर उभे. पवारांचा जुना माणूस कमळावर आणि काँग्रेसचा जुना माणूस पवारांच्या चिन्हावर! गांधीजींच्या सेवाग्रामचा हा मतदारसंघ, आणि मतदान यंत्रावर पंजा नाही. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी आत जाऊन पंजा शोधला, सापडला नाही, तेव्हा बाहेर येऊन विचारलं, "काँग्रेस उभी नाई का यंदा?" तरीही त्यातल्या बहुतेकांनी तुतारी दाबली. निष्ठा म्हणतात ती आणखी काय असते?

तुमच्याकडची निष्ठा बघायला फार लांब जायला नको. दत्ता मेघे २००९ मध्ये काँग्रेसचे खासदार म्हणून इथून निवडून आले. २०१४ मध्ये काँग्रेसने त्यांच्या मुलाला, सागर मेघेंना, तिकीट दिलं. ते दोन लाखांहून अधिक मतांनी हरले आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये. वर्ध्याचे आमदार पंकज भोयर २०१४ च्या आधी काँग्रेसमध्येच होते. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात आशीष देशमुख. वडील एकेकाळी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष. ते स्वतः २०१४ ला काटोलमधून भाजपचे आमदार. मग राजीनामा देऊन काँग्रेसमध्ये, २०१९ ला देवेंद्र फडणवीसांविरुद्ध काँग्रेसचे उमेदवार, नंतर काँग्रेसमधून हकालपट्टी, पुन्हा भाजप आणि २०२४ ला सावनेरचे आमदार. अमरावतीत नवनीत राणा २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष निवडून आल्या. २०२४ ला भाजपच्या उमेदवार होत्या आणि काँग्रेसच्या बळवंत वानखडेंकडून वीस हजारांच्या आत हरल्या. चंद्रपुरात बाळू धानोरकर शिवसेनेचे आमदार होते. २०१९ ला ऐनवेळी काँग्रेसमध्ये आले आणि त्या वर्षी महाराष्ट्रातली काँग्रेसची एकमेव लोकसभेची जागा त्यांनीच जिंकली. रामटेकमध्ये काँग्रेसचे आमदार राजू पारवे २०२४ च्या लोकसभेच्या तोंडावर शिंदेंच्या शिवसेनेत गेले आणि थेट उमेदवार झाले. ही यादी मी मुद्दाम सर्व पक्षांची दिली आहे, कुणाला वाटायला नको की मी विरुद्ध बाजूचा आहे.

तर मतदार एका जागी उभा आहे आणि समोरचे उमेदवार जागा बदलताहेत. मागच्या निवडणुकीत ज्याला पाडलं तोच पाच वर्षांनी दुसऱ्या रंगाचा दुपट्टा घालून 'तुमचा हक्काचा माणूस' म्हणून दारात येतो. आमच्या बूथवर स्लिपा वाटणारा एक पोरगा आहे, चांगला चुणचुणीत. लोकसभेला एका पक्षाच्या टेबलावर होता, विधानसभेला दुसऱ्या. मी सहज विचारलं तर म्हणाला, "काका, टेबल बदलला, यादी तेच हाय. मले सगळ्याइचे घरं पाठ हायेत." त्याच्या खिशात दोन्ही पक्षांचे दुपट्टे घडी करून ठेवलेले असतात. तुमच्या पक्षसंघटनेचं आजचं खरं बळ हे असं रोजावर आलेलं आहे, हे तुम्हाला वरून दिसत नसावं.

आता थोडं मागे जाऊ, कारण वर्धा काही काल डळमळीत झालेली नाही. १९७७ ला सारा उत्तर भारत इंदिरा गांधींच्या विरोधात गेला तेव्हा विदर्भ त्यांच्या पाठीशी राहिला. त्या हरल्यानंतर विनोबांना भेटायला पवनारला आल्या होत्या. १९७८ च्या विधानसभेत काँग्रेस फुटली होती, आणि इंदिरा काँग्रेसला राज्यात ज्या ६२ जागा मिळाल्या त्यांतला मोठा वाटा विदर्भाचा. वसंत साठे तीनदा लागोपाठ निवडून आले. आणि १९९१ मध्ये त्याच साठेंना हरवून वर्ध्याने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे दिल्लीला पाठवले! पाच वर्षांनी, १९९६ ला, भाजपचे विजय मुडे. १९९८ ला काँग्रेसचे मेघे, १९९९ ला काँग्रेसच्या प्रभा राव, २००४ ला भाजपचे सुरेश वाघमारे, २००९ ला पुन्हा मेघे, मग दोनदा तडस आणि आता काळे. आर्वी विधानसभेचंही तसंच: २००४ काळे, २००९ दादाराव केचे, २०१४ काळे, २०१९ केचे. इथे कुणाचा सातबारा कधीच नव्हता. बालेकिल्ल्याची भाषा तुमच्या नागपूर-मुंबईच्या कार्यालयांतली.

पण मग साठेंच्या काळापर्यंत ती जी घट्ट काँग्रेस होती, ती कशावर उभी होती? नेहरू-गांधींच्या पुण्याईवर होतीच. पण त्याखाली एक व्यवस्था होती, तिच्याविषयी तुमच्यापैकी कुणी बोलत नाही. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार योजना होती. कापूस खासगी व्यापाऱ्याला विकायला बंदी; पणन महासंघाच्या संकलन केंद्रावर बंडी न्यायची, रांगेत रात्र काढायची, ग्रेडर बोंड हातात घेऊन बघणार आणि दर्जा ठरवणार. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, जिल्हा बँकेतून, पीककर्ज वळतं करून. म्हणजे सोसायटीचा सचिव, केंद्रावरचा ग्रेडर, बँकेचा संचालक, पंचायत समितीचा सभापती ही सगळी एका साखळीतली माणसं, आणि बहुतेक एका पक्षाची. त्यांच्याशी वाकडं घेऊन चालत नसे. वडील म्हणायचे, पंजाला मत दिलं नाही तर आपला कापूस एका रात्रीत पिवळा पडतो. त्या निष्ठेत प्रेम किती आणि धाक किती हे सांगणं अवघड आहे. मात्र एक खरं: अडचण आली तर कुणाच्या ओट्यावर जाऊन बसायचं, ते माहीत होतं.

ती साखळी तुटली. शेतकरी संघटनेने बिल्ला लावून त्या योजनेतल्या लुटीवर बोट ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. पुढे या शतकाच्या सुरुवातीला मक्तेदारी संपली, व्यापारी गावात येऊन रोखीने कापूस उचलू लागला. जिल्हा बँकांची तर दैना झाली. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन बँका रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावाचून अडकल्या, ठेवीदारांचे पैसे गुंतले, सरकारला भांडवल ओतावं लागलं. नागपूरच्या बँकेच्या रोखे घोटाळ्यात काँग्रेसच्या सुनील केदारांना डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. ज्या बँकेमुळे गाव पक्षाशी बांधलेलं होतं, तीच बँक गावाला नको झाली. त्या जागी दुसरं काही कुणी उभं केलं नाही. भाजपने ते ओबीसी जातींच्या माणसांना पुढे आणून काही प्रमाणात भरून काढलं, तेली, कुणबी, माळी, पोवार अशा घरांतून नेतृत्व दिलं. म्हणूनच २०१४ ला विदर्भात ४४ जागा आल्या. आणि २०१९ ला तेली समाजातल्या चंद्रशेखर बावनकुळेंचं तिकीट कापलं गेलं तेव्हा त्या ४४ च्या २९ का झाल्या, हेही भाजपला कुणी समजावून सांगायची गरज पडली नसावी. त्यांनी बावनकुळेंना पुढे प्रदेशाध्यक्ष केलं.

आता मधल्या सहा महिन्यांकडे येतो. लोकसभेच्या वेळी इथे राग होता. सोयाबीनला भाव नव्हता, कापूस घरात पडून होता आणि संविधान बदलणार ही भीती बौद्ध वस्त्यांत खरोखर होती. तिचा प्रचार झाला म्हणून ती खोटी ठरत नाही. विधानसभेला भाव सुधारला होता का? मुळीच नाही. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजार समितीत त्याच्या खालीच बोली. महायुतीने सहा हजारांचं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीने सात हजारांचं. आम्ही दोन्ही ऐकली आणि दोन्ही बाजूला ठेवली, कारण आश्वासनाला पोत्यात भरून विकता येत नाही. पण जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले होते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन हप्ते आचारसंहितेच्या आधीच बायकांच्या खात्यात आले होते. २०२३ च्या खरिपाचे कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरपर्यंत, तेही आले होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं वीजबिल माफ होतं.

आमच्या शेजारची एक बाई, वेचणीला जाते, स्वतःची दोन एकर आहे. निकालानंतर मी तिला विचारलं, सोयाबीनचा भाव तर तेवढाच होता, मग? ती म्हणाली, "भाव माह्या बुढ्याले नाई भेटला, पैसे मले भेटले. दोन हिशेब हायेत ते." कोणाला दिलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढ्या स्पष्ट शब्दांत मला हा निकाल कुणी समजावून सांगितला नव्हता. घरात एक मत असायचं, तिथे आता दोन खाती आहेत आणि दोन मतं आहेत. तुमच्या सर्व्हेवाल्यांनी घराच्या मोठ्या माणसाला दारात गाठून 'यंदा काय वातावरण?' असं विचारणं सोडलं पाहिजे. त्या माणसाला बऱ्याचदा स्वतःच्या स्वयंपाकघरातलं वातावरण ठाऊक नसतं.

काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्षांना थोडं जास्त सांगायचंय, कारण नुकसान त्यांचं जास्त झालं. लोकसभेचं मत तुम्ही तुमच्या खात्यावर कायमचं जमा झालं असं समजलात. जूननंतर तुमचा कोणता नेता जिनिंगच्या दारात उभा राहिला? जुलैपासून मुख्यमंत्री कोण यावर चर्चा, ऑक्टोबरमध्ये जागांवरून रुसवेफुगवे आणि शेवटी तिकिटं पुन्हा घरातच. आर्वीत मित्रपक्षाकडून खासदारांची पत्नी. वरोऱ्यात खासदार प्रतिभा धानोरकरांचे भाऊ, तेही हरले. सावनेरला केदारांची पत्नी. लोकसभेत राबलेल्या कार्यकर्त्याला यातून काय कळलं असेल? तुम्ही मतदार यादीतल्या घोळाचं म्हणता, नागपूर जिल्ह्यातल्या कामठीचं उदाहरण देता. यादी तपासायलाच हवी, सगळ्यांसमोर तपासायला हवी, त्यात निवडणूक आयोगाने आढेवेढे घेण्याचं कारण नाही. पण यादीवर हरकत घ्यायला बूथवर तुमचा माणूस लागतो. आमच्या बूथवर दुपारी तीननंतर तुमचं टेबल रिकामं होतं.

भाजपच्या अध्यक्षांनाही मी पेढे देत नाहीये. सहापैकी सहा आल्या म्हणून तुमचीही तीच चूक होऊ घातली आहे. आर्वीत तुमच्याच केचेंचं तिकीट कापलं, ते अपक्ष अर्ज भरून बसले, समजूत घालून माघार घ्यायला लावली आणि पुढे विधान परिषदेवर घेतलं. जमून गेलं, यंदा. मोर्शीत तर तुमचा आणि तुमच्याच मित्रपक्षाचा उमेदवार समोरासमोर, आणि त्याला 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणायचं! १,५०० चे २,१०० करू म्हणालात, ते बायका विसरलेल्या नाहीत. हप्ता उशिरा आला की आमच्या गावात त्याची चर्चा दुधाच्या डेअरीवर सकाळी सहालाच सुरू होते. पैसे देऊन मिळालेलं मत पैसे थांबले की थांबतं, हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. आणि सोयाबीनचे सहा हजार?

वंचितच्या नेतृत्वाला एवढंच: १९९८ मध्ये काँग्रेसबरोबर समझोता झाला तेव्हा अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे असे रिपब्लिकन खासदार एकट्या विदर्भातून गेले होते. मुंबईतून रामदास आठवले. तेव्हा ते चौघे एकत्र होते. २०२४ ला ती मतं घेऊन तुम्ही स्वतंत्र लढलात, तो तुमचा हक्क होता. फक्त आमच्याकडच्या वस्तीतली पोरं आता 'यानं कोण पडणार' असा हिशेब आधी करतात आणि मग मत देतात, हे ध्यानात असू द्या. दोन्ही शिवसेना आणि दोन्ही राष्ट्रवादी यांच्याबद्दल वर्ध्यापुरतं बोलायचं तर आम्हाला तुमचे चार पक्ष वेगळे ओळखायला अजून जमत नाहीत. प्रयत्न चालू आहे.

एक मागणी मात्र सगळ्यांकडे आहे. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाच्या हाती गेला. आधी ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, तीही मुदत निघून गेली. या काळात वंचित सोडली तर तुमच्यापैकी प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या वेळी सत्तेत होता, त्यामुळे दोष कुणा एकाला देता येणार नाही. पण या वर्षांत गावात नवा कार्यकर्ता तयारच झाला नाही. पंचायत समितीचा सदस्य म्हणजे ज्याला बैलगोठ्याच्या अनुदानापासून शाळेच्या गळक्या छपरापर्यंत कशासाठीही फोन करता येतो असा माणूस. तो नसला की पक्ष म्हणजे फक्त बॅनर आणि खात्यात येणारा हप्ता. मग लोक हप्त्याला मत देतात आणि तुम्ही म्हणता, मतदार विकला गेला. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची तिकिटं तरी आमदार-खासदारांच्या घराबाहेर जाऊ द्या. पक्षात येऊन एक वर्षही न झालेल्याला देऊ नका. आणि पुढची मुदत संपेल तेव्हा निवडणूक वेळेवर घ्या, प्रशासक नको.

निरीक्षक पाठवणार असाल तर एप्रिलमध्ये सर्किट हाऊसवर पाठवू नका. नोव्हेंबरच्या शेवटी पाठवा, हिंगणघाटच्या बाजार समितीत, सकाळी आठच्या आत. गाड्या लागलेल्या असतात, बोली सुरू व्हायची असते, माणसं रिकामी बसलेली असतात आणि बोलायच्या तयारीत असतात. सोबत माणसं कमी आणा. दुपट्टा गाडीत ठेवा.

कळावे,
आर्वी तालुक्यातला एक मतदार